पंचेचाळीसची कहाणी

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस बाजारात टिकल्यांची पिस्तुले मांडली जातात, आणि दुकानापुढे उभ्या राहिलेल्या मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातले सर्वांत मोठे कोणते? पिस्तूल हातात नीट बसते की नाही, चापापर्यंत बोट पोहोचते की नाही, हे प्रश्न त्याला सुचत नाहीत. सुचलेच तर घरी आल्यावर सुचतात. मुलांचे ते वयच असते. परंतु एखाद्या बलाढ्य राष्ट्राचे लष्कर खरे पिस्तूल घ्यायला निघते आणि तेही पहिला प्रश्न हाच विचारते, तेव्हा त्यातून घडणारा इतिहास मोठा मनोरंजक आणि काहीसा विषण्ण करणारा असतो. अमेरिकेच्या लष्कराने ‘.४५’ या आकड्याची निवड कशी केली, त्याची ही हकीकत आहे.

प्रथम आकड्याविषयी दोन शब्द. बंदुकीची किंवा पिस्तुलाची नळी आतून किती रुंद आहे, म्हणजेच तिच्यातून केवढ्या जाडीची गोळी सुटते, हे सांगणारा आकडा म्हणजे कॅलिबर. आपल्याकडे बोलताना त्यालाही ‘बोअर’च म्हणतात. इंग्रज व अमेरिकन तो इंचात मोजतात, युरोपातले इतर लोक मिलिमीटरमध्ये. ‘.३८’ म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले अडतीस, आणि ‘.४५’ म्हणजे पंचेचाळीस. हे नेहमीच काटेकोर असते असे नाही, पण तूर्त एवढे पुरे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. आपला जुना तोळा १८० ग्रेनचा आणि मासा १५ ग्रेनचा. तेव्हा सोनाराच्या काट्यावर या गोळ्या तोलणे आपल्याला सहज शक्य आहे.

अमेरिकन घोडदळाच्या कमरेला १८७३ पासून कोल्ट कंपनीचे .४५ चे रिव्हॉल्व्हर असे. मोठे, जड आणि संथ. प्रत्येक बाराला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. १८९२ साली लष्कराने ते बाजूला ठेवून .३८ चे नवे रिव्हॉल्व्हर घेतले. हे हलके होते, याची चक्री बाजूला उघडून झटपट काडतुसे भरता येत आणि नुसता चाप दाबला तरी बार उडे. गोळी १५० ग्रेनची, म्हणजे बरोबर दहा मासे; तिचा वेग सेकंदाला सुमारे ७५० फूट. त्या वेळी ही निवड सर्वांना शहाणपणाचीच वाटली.

पुढे १८९८ साली अमेरिकेचे स्पेनशी युद्ध झाले. त्या वर्षाच्या १० डिसेंबरला पॅरिसमध्ये तह होऊन स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपाइन्सची बेटे अमेरिकेच्या हवाली केली. बेटांवरच्या लोकांना कोणी विचारले नव्हते. ते स्पेनविरुद्ध आधीच लढत होते. धनी बदलला म्हणून त्यांचे मत बदलण्याचे कारण नव्हते. १८९९ च्या फेब्रुवारीत युद्धाला तोंड लागले. दक्षिणेकडच्या मिंडानाओ आणि सुलू या भागांत मोरो नावाचे मुसलमान लोक राहत. स्पेनला तीनशे वर्षांत ते कधी पुरते जिंकता आले नव्हते. अमेरिकेने आरंभी सुलूच्या सुलतानाशी करार करून त्यांना शांत ठेवले. पण उत्तरेकडचे युद्ध आवरताच, २ मार्च १९०४ रोजी, तो करार एकतर्फी मोडीत काढला. हे वर्ष वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मोरोंमध्ये एक प्रकारचे लढवय्ये असत. स्पॅनिश लोक त्यांना ‘हुरामेंतादो’ म्हणत, म्हणजे शपथ घेतलेला. हा मनुष्य मरण्याचा निश्चय करून, विधिपूर्वक शुद्ध होऊन, अंगाला पट्टे करकचून आवळून, हातात ‘क्रिस’ किंवा ‘बारोंग’ हे पाते घेऊन शत्रूच्या घोळक्यात शिरे आणि जीव असेपर्यंत वार करीत राही. अमेरिकन अधिकारी सांगू लागले की, .३८ च्या गोळ्या अंगात रिचवूनही असे लोक थांबत नाहीत. तक्रारींचा भडिमार झाला. तेव्हा कोठारात पडलेली जुनी .४५ ची रिव्हॉल्व्हरे बाहेर काढून बेटांवर धाडण्यात आली.

नवे पिस्तूल घ्यायचे हे ठरलेच होते. प्रश्न होता आकड्याचा. त्यासाठी १९०४ साली लष्कराने दोघांना नेमले. एक शस्त्रखात्याचे जॉन थॉम्पसन, ज्यांचे नाव पुढे ‘टॉमी गन’मुळे जगभर झाले, आणि दुसरे लष्करी शल्यवैद्य लुई लागार्ड, बंदुकीच्या जखमांचे जाणकार. परीक्षेची जागा ठरली शिकागोची विख्यात गुरांची मंडी. तिथे कत्तलीसाठी आणलेल्या जनावरांवर आणि वैद्यकीय शिक्षणासाठी मिळणाऱ्या माणसांच्या मृतदेहांवर निरनिराळ्या आकड्यांच्या गोळ्या झाडून पाहावयाच्या होत्या. जर्मनीच्या लुगर पिस्तुलाच्या ७.६५ आणि ९ मिलिमीटरच्या गोळ्या, .३८ चे दोन प्रकार, जुनी .४५ आणि इंग्रजांच्या .४५५ व .४७६ अशी ही यादी होती.

त्या परीक्षेची सविस्तर वर्णने दिवाळीच्या दिवसांत वाचकांपुढे ठेवण्याची माझी इच्छा नाही. पण तिची रीत मात्र सांगितली पाहिजे. जनावरे मोजकीच होती, लहानमोठी होती आणि गोळी प्रत्येकाच्या शरीरात वेगळ्या वाटेने गेली होती. एका गोळीने एखादे जनावर लवकर कोसळे, तर त्याच आकड्याची गोळी खाऊन दुसरे उभेच राही. त्यातल्या त्यात मोठ्या, जड गोळ्या भराभर झाडल्या असता जनावरे लवकर पडली, असे दिसून आले. मृतदेह टांगून ठेवले होते. गोळी लागल्यावर देह किंवा अवयव किती हेलकावतो, त्यावरून तिच्या धक्क्याचा अंदाज बांधण्यात आला.

इथे शाळेत न्यूटनचे नियम शिकलेला कोणीही थोडा थबकेल. टांगलेली वस्तू किती हलते, हे गोळीचे वजन आणि वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. तेव्हा जड गोळीने देह अधिक हलणार, हे शिकागोला न जाताही सांगता आले असते. शिवाय क्रियेइतकीच प्रतिक्रिया असते. गोळी जेवढा धक्का समोरच्याला देणार तेवढाच, किंबहुना थोडा अधिकच, झाडणाऱ्याच्या हाताला बसतो. जो धक्का आपण एका मनगटावर झेलतो, त्याने समोरचा धिप्पाड माणूस उडून कसा पडेल? गोळीने माणूस थांबतो तो ढकलला जाऊन नव्हे. मेंदूला किंवा पाठीच्या कण्याला इजा झाली तर तो तत्काळ कोसळतो. नाहीतर रक्त वाहून जाईपर्यंत त्याच्या हाती वेळ असतो. प्रत्यक्ष हृदय बंद पडले तरी मेंदूत असलेल्या प्राणवायूवर दहा-पंधरा सेकंद हालचाल चालू राहू शकते. हातात पाते असलेल्या माणसाला दहा पावले ओलांडायला एवढा वेळ पुष्कळ झाला.

आणि नवल हे की, लागार्ड यांना हे ठाऊक होते. परीक्षेचा निष्कर्ष म्हणून जे वाक्य सर्वत्र गाजले त्याचा आशय असा : लष्करी पिस्तुलाचे कॅलिबर .४५ पेक्षा कमी नसावे. पण त्याला जोडूनच त्यांनी आणखीही लिहून ठेवले होते. मनाचा निर्धार केलेल्या शत्रूला, केवळ मऊ मांसातून जाऊन, जागच्या जागी थांबवील अशी हाताने झाडायची गोळी आपल्या माहितीत नाही. तसे करायचे तर तोफेच्या तीन इंची गोळ्याएवढी जाडी लागेल आणि तिचा धक्का कोणाच्याच हाताला सोसणार नाही. म्हणून खरे रक्षण नेमक्या आणि जलद नेमबाजीत आहे, आणि त्यासाठी शिपायांकडून अखंड सराव करून घेतला पाहिजे. सल्ला असा दुपदरी होता : बोअर मोठे घ्या, आणि हात तयार करा. पहिली गोष्ट पैसे टाकून विकत मिळत होती. दुसरीला वर्षानुवर्षे लागणार होती. लोकांच्या लक्षात कोणती राहिली, हे सांगायला नकोच.

या परीक्षेच्या जोडीने नेहमी एक उदाहरण दिले जाते. आंतोनियो कास्पी नावाचा कैदी पळून जाऊ लागला. झटापटीत त्याच्यावर अगदी जवळून .३८ च्या चार गोळ्या झाडल्या, तरी तो आवरेना. शेवटी बंदुकीच्या दस्त्याचा तडाखा कपाळावर बसला तेव्हा तो खाली आला. लागार्ड यांनी स्वतःच ही नोंद केली आहे. या गोष्टीमुळेच .३८ बदनाम झाली आणि परीक्षा घेतली गेली, असे सांगणारे अजूनही भेटतात. परंतु तारीख पाहावी : २६ ऑक्टोबर १९०५. म्हणजे परीक्षेनंतर वर्षभराने. आणि स्थळ पाहावे : सामार बेट. ते मोरोंच्या मुलखापासून दूर आहे. आकड्याची निवड आधी झाली होती. तिला शोभेलशी कथा मागाहून सापडली.

असो. आता .४५ च्या गोळीला साजेसे नवे, आपोआप भरणारे पिस्तूल हवे होते. यूटा राज्यातल्या ऑग्डेन गावचा जॉन मोझेस ब्राउनिंग हा त्या काळचा शस्त्रविद्येतला विश्वकर्माच म्हणावा लागेल. हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर जे पिस्तूल झाडले, ते ब्राउनिंगच. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याकरवी गुप्तपणे पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक. २८ जून १९१४ रोजी साराएव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर आणि त्याच्या पत्नीवर गोळ्या सुटल्या, त्याही ब्राउनिंगच्याच आराखड्याच्या पिस्तुलातून. त्याचे कॅलिबर होते .३८०, आणि गोळी लष्कराच्या त्या बदनाम .३८ पेक्षाही कितीतरी हलकी. दोन गोळ्या, दोन जीव, आणि त्यांच्यामागून एक महायुद्ध. शिकागोच्या मंडळाने ही गोळी नापासच केली असती.

ब्राउनिंगने लष्करासाठी जे काडतूस घडवले त्याची गोळी अखेर २३० ग्रेनची ठरली, म्हणजे सव्वा तोळ्याहून थोडी अधिक. १९०७ पासून निरनिराळ्या कंपन्यांच्या पिस्तुलांची चाचणी सुरू झाली. जर्मनीच्या लुगरने खास .४५ चे पिस्तूल करून आणले होते, पण पुढे माघार घेतली. शेवटी कोल्टने केलेले ब्राउनिंगचे पिस्तूल आणि सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल असे दोघेच उरले. १९११ च्या मार्चमध्ये अंतिम कसोटी झाली. प्रत्येक पिस्तुलातून सहा हजार बार काढावयाचे. सॅव्हेजचे पिस्तूल सदतीस वेळा अडले. कोल्टचे एकदाही अडले नाही. २९ मार्च १९११ रोजी त्याची निवड झाली आणि सालावरूनच त्याला ‘१९११’ हे नाव पडले. खरेदी कशी करावी याचा हा वस्तुपाठच होता. या कसोटीत ‘मोठे कोणते’ हा प्रश्न नव्हता. ‘भरवशाचे कोणते’ हा होता, आणि त्याचे उत्तर सहा हजार वेळा तपासून घेतले होते. या पिस्तुलाने पुढे चौऱ्याहत्तर वर्षे नोकरी केली, त्याचे श्रेय आकड्यापेक्षा या कसोटीलाच अधिक द्यावे लागेल.

‘.४५ ने मोरोंना थांबवले’ अशी एक आख्यायिका अमेरिकेत रूढ आहे. तिचाही विचार करू. नवे पिस्तूल लष्करात येईपर्यंत १९१२ उजाडले, आणि मोरोंचा मोठा प्रतिकार १९१३ च्या जूनमध्ये बुद बागसाकच्या लढाईत मोडला गेला. मग मोरो थांबले ते कशाने? मार्च १९०६ मध्ये होलो बेटावरच्या बुद दाहो या मृत ज्वालामुखीच्या माथ्यावर शेकडो मोरो बायकामुलांसह आश्रयाला गेले होते. लेनर्ड वुड यांच्या हाताखालच्या सैन्याने डोंगराला वेढा घालून तोफा आणि बंदुका चालवल्या. मेलेल्यांचा आकडा सहाशेपासून हजारापर्यंत सांगतात. वाचलेले बोटांवर मोजण्याइतके. मार्क ट्वेनने या पराक्रमावर अतिशय कडवट शब्दांत लिहिले. त्या डोंगरावरच्या रणात पिस्तुलाच्या बोअरला काय महत्त्व उरले होते?

‘त्याला थांबवायचे कसे?’ हा प्रश्न अमेरिकन लष्कराने शिकागोत मोठ्या कसोशीने विचारला. ‘तो थांबत का नाही?’ हा प्रश्न त्या परीक्षेच्या कागदावर नव्हता. ज्या वर्षी शिकागोत गोळ्या तोलल्या जात होत्या, त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये सुलूचा करार फाडला गेला होता. दिलेला शब्द मोडल्यावर जो माणूस मरायला सिद्ध होऊन चालून येतो, त्याच्यावरचा उपाय सव्वा तोळ्याच्या शिशात शोधणे हे सोपे असते. डॉक्टर आणि शस्त्रतज्ज्ञ यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे जो प्रश्न टाकला त्याचे उत्तर त्यांनी दिले. प्रश्न टाकणारे दुसरेच होते.

त्याच काळात इंग्रजही या विचारात गुंतले होते. त्यांचे वेब्ली रिव्हॉल्व्हर १८८७ पासून .४५५ चे होते. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या आणि आफ्रिकेतल्या लढायांचा अनुभव त्यांच्या गाठी होता. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात शरीरात शिरताच पसरणारी रायफलची गोळी निघाली, आणि त्या गावाचे नाव विनाकारण जगभर बदनाम झाले. रिव्हॉल्व्हरसाठीही ‘माणूस थांबवणारी’ या अर्थाचे नाव मिरवणारी पोकळ नाकाची गोळी निघाली. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. पण खरी गंमत पुढेच आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी हिशेब मांडला. .४५५ चे धूड पेलून नेम धरायला शिपायाला बराच सराव लागतो आणि घाईने भरती केलेल्या पोराला तेवढा सराव देता येत नाही. म्हणून त्यांनी .३८ चे हलके रिव्हॉल्व्हर पसंत केले. फक्त गोळी २०० ग्रेनची, तोळ्याहून किंचित जड ठेवली. अमेरिकनांनी समोरच्या शत्रूकडे पाहून पिस्तूल निवडले होते. इंग्रजांनी ते आपल्या शिपायाच्या हाताकडे पाहून निवडले.

त्या हाताची किंमत काय असते, याचा पुरावा खुद्द .४५ च्या कीर्तीतच आहे. ८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधल्या आर्गोनच्या रानात आल्व्हिन यॉर्क नावाच्या अमेरिकन शिपायावर संगिनी रोखून जर्मनांची एक लहान तुकडी धावून आली. त्याने .४५ ने त्यांना एकामागून एक टिपले. आणि तेही मागच्याला आधी, पुढच्याला शेवटी, म्हणजे पुढच्यांना कळूच नये. टेनेसीच्या डोंगरात रानपक्ष्यांची शिकार करताना हीच युक्ती करीत असू, असे त्याने पुढे सांगितले. त्या दिवशी १३२ कैदी घेऊन तो परतला. पिस्तुलाचा डंका वाजला. टेनेसीच्या डोंगरातली लहानपणापासूनची तालीम मात्र कोणत्याही कारखान्याला काडतुसाच्या पेटीत भरून देता आली नाही.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९८५ साली अमेरिकन लष्कराने .४५ ला निरोप देऊन मित्रराष्ट्रांशी मेळ बसावा म्हणून ९ मिलिमीटरचे इटालियन बेरेटा घेतले. म्हणजे आकडा पुन्हा लहान झाला. दुसऱ्याच वर्षी, ११ एप्रिल १९८६ रोजी, मायामीत एफ. बी. आय.चे दोन अधिकारी दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत मारले गेले. एका दरोडेखोराला आरंभीच लागलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या अलीकडे थबकली होती आणि त्यानंतरही तो लढत राहिला. पुन्हा ठपका गोळीवर आला. एफ. बी. आय.ने दहा मिलिमीटरचे मोठे काडतूस घेतले. धक्का सोसेना म्हणून त्यातली शक्ती उतरवली. मग १९९० साली .४० चे काडतूस निघाले आणि देशभरच्या पोलिसांनी ते उचलले. अखेर २०१४ मध्ये त्याच संस्थेच्या प्रशिक्षण विभागाने सांगितले की, सुधारलेल्या ९ मिलिमीटरच्या गोळ्या कामाला पुरेशा आहेत, आणि कमी धक्क्यामुळे बहुतेकांचा नेम त्यांनीच चांगला लागतो. लष्करानेही २०१७ मध्ये नवे पिस्तूल निवडताना ९ मिलिमीटरच कायम ठेवले. लागार्ड यांच्या सल्ल्याचा दुसरा पदर सापडायला एवढा फेरा घ्यावा लागला.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला आहे. आपल्या सैन्याला इशापूरच्या कारखान्याने जे ९ मिलिमीटरचे पिस्तूल पुरवले, त्याचे मूळ ब्राउनिंगच्या अखेरच्या आराखड्यात आहे. सामान्य नागरिकाला मात्र लष्करी बोअर मिळत नाही. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले हत्यार परवान्याला बांधले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. परवाना राहिला आणि ‘निषिद्ध बोअर’ ही वर्गवारीही. म्हणून कानपूरला तयार होणारे नागरी रिव्हॉल्व्हर .३२ चे असते. आकड्याची चर्चा करायला इथल्या खरेदीदाराला फारशी जागाच नाही. त्याच्या अर्जावरचा मुख्य प्रश्न निराळाच असतो : हत्यार कशासाठी हवे?

हा प्रश्न सरकारी छापील कागदावरचा म्हणून आपण रुक्ष समजतो. पण वरची सारी हकीकत वाचल्यावर मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कशासाठी, हे आधी ठरले पाहिजे. मग, ते कोणाच्या हातात राहणार आणि तो हात किती सराव करणार. मग, ते हजारदा चालवले तर हजारदा चालेल काय. आकडा त्यानंतर येतो, आणि बहुधा आपोआपच ठरतो. ज्याला पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही, त्याने दुकानाची पायरी न चढणेच बरे. मग तो एखादा गृहस्थ असो की एखादे साम्राज्य.